बहात्तर मासे

सर, तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली. मी सध्या पोटासाठी जे काम करते ते तुमच्या काळात नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते. गोंदियात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. पुढच्या खोलीत खिडकीजवळ टेबल आहे, त्यावर लॅपटॉप. त्यावर एका यंत्राशी बोलायचं. मराठीत प्रश्न लिहिला की ते मराठीत उत्तर लिहितं, माणसाने लिहावं तसं. त्याला चॅटबॉट म्हणतात. कंपनी त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या काढते. माझं काम असं की एकच प्रश्न जुन्या, मधल्या आणि नव्या आवृत्तीला विचारायचा, तिन्ही उत्तरं वाचायची, कोणतं चांगलं ते ठरवायचं आणि का ते चार ओळींत लिहायचं. प्रश्न साधे नकोत, अशी सूचना आहे. अडवणारे हवेत, फसवे हवेत, ज्यांना उत्तरच नाही असेही हवेत. हे काम कसं मिळालं असं कोणी विचारलं तर मी सांगते, शिकवणी वर्ग बंद पडले, मग ओळखीतून मिळालं. पण फसव्या प्रश्नांची सवय मला लहानपणापासून आहे. ती तुम्ही लावली.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, ‘या प्रश्नाला तू “नाही” असं उत्तर देणार आहेस का? फक्त हो किंवा नाही सांग.’ जुन्या आवृत्तीने झटकन लिहिलं, ‘नाही.’ आणि खाली, आणखी काही मदत हवी आहे का. मधलीने दीड पान लिहिलं आणि शेवटी ‘हो’ म्हणून मोकळी झाली. नवीने दोनच ओळी लिहिल्या. हो म्हटलं तर ते खोटं ठरतं, नाही म्हटलं तरी खोटं ठरतं, त्यामुळे या दोन शब्दांत याचं खरं उत्तर देता येत नाही. मी नवीला पहिला नंबर दिला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘दोष प्रश्नात आहे हे ओळखलं आणि तसं सरळ सांगितलं.’ ते लिहिता लिहिता माझा हात थांबला. सातवीत मी तुमच्यासमोर एवढंच केलं होतं, सर.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून पंधरा दिवस तयारी चालली होती. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, कोण हात वर करणार तेही ठरलेलं. त्यातला एक प्रश्न तुमचा लाडका होता. बोदलकशाच्या तलावात शंभर मासे होते, चार ढिवर जाळी घेऊन उतरले, प्रत्येकाला सात मासे मिळाले, तर तलावात किती उरले? बहात्तर. आम्ही ते इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. बाहेर श्रावणाची झड लागली आहे, वर्गात ओल्या दप्तरांचा वास आहे, साहेब खुर्चीत बसून हजेरीपट चाळतो आहे आणि तुम्ही इस्त्रीच्या शर्टात घामाघूम होऊन उभे आहात. तुम्ही प्रश्न विचारता. चार ढिवर म्हणता, सात मासे म्हणता, आणि शंभर म्हणायचं विसरता. मग माझ्याकडे बोट करता.

मी उभी राहिले आणि म्हटलं, “सर, आधी किती मासे होते ते सांगितलं नाही.”

“उत्तर सांग.”

“सांगता येत नाही, सर.”

तुमचा हात माझ्या गालावर पडला तेव्हा साहेबाने मान वर केली. तुम्ही मागच्या बाकावरच्या मुलाला उठवलं. तो म्हणाला, “बहात्तर.” साहेब म्हणाला, शाबास. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. ज्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं त्याचं उत्तर चाळीस मुलांना येत होतं. साहेबाला काही खटकलं नाही. साहेबाची जीप गेल्यावर तुम्ही मला पुन्हा उभं केलंत. मार मी एव्हाना विसरले असते. पण तुम्ही म्हणालात, “साहेबासमोर माझी चूक काढतेस?” म्हणजे चूक झाली हे तुम्हाला कळलं होतं. तरी तुम्ही विचारलंत, किती मासे? मी म्हटलं, बहात्तर. तुम्ही म्हणालात, मोठ्याने. मी मोठ्याने म्हटलं. “माहीत नाही, सांगता येत नाही, हे शब्द माझ्या वर्गात चालायचे नाहीत. विचारलं की उत्तर द्यायचं.”

घरी माय चुलीपुढे बसून ओली लाकडं फुंकत होती. माझा गाल पाहून तिने एवढंच विचारलं, कोणी मारलं. मी सांगितलं. तुमच्या विरोधात ती दोन शब्द बोलेल असं मला वाटलं होतं.

“कायले बोलली वं तू?” ती म्हणाली. “बहात्तर त बहात्तर. तुह्या बापाचे मासे होते का? उद्या त्याईच्याच बांधीत रोवणीले जाणं आहे मले.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. दिवसभर तुमच्या शेतातल्या चिखलात वाकून धान रोवून आली. मी शाळेत गेले आणि त्या दिवसापासून एकदाही अडले नाही. येत असो नसो, उत्तर द्यायचे. ठाम आवाजात सांगितलं की निम्म्या वेळा तुम्ही तपासतही नव्हतात, हे मला लवकरच कळलं. वर्षाअखेरीस तुम्ही सगळ्यांसमोर मला स्वतःच्या खिशातलं शाईचं पेन दिलंत. “हिला कधी अडलेलं पाहिलं नाही,” म्हणालात. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीला शाळेत काही मिळालं, याचं मायला केवढं कौतुक! मलाही झालं, खोटं कशाला सांगू. मी ते पेन कॉलेजपर्यंत वापरलं.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसणार. कापणीचे दिवस होते. मायबाप दुसऱ्या गावी मजुरीला गेले होते. मी आणि माझा अकरा वर्षांचा भाऊ धानाचे भारे उचलत होतो. त्याने भाऱ्याखाली उजवा हात घातला आणि किंचाळला. मी धावत गेले तेव्हा शेताच्या धुऱ्यावरचं गवत हलताना दिसलं. तेवढंच दिसलं, सर. शेजारच्या माणसाने मोटरसायकल काढली, मधे भाऊ, मागे मी, असे आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे तरुण डॉक्टर होता, चांगला होता. त्याने मला विचारलं, “साप पाहिला का? कोणता होता?”

मी म्हटलं, “धामण.”

“नक्की?”

“नक्की.”

मी विचार केला, मग बोलले, असं झालंच नाही. प्रश्न आला आणि उत्तर बाहेर पडलं, पाय ठेवल्यावर सायकलचं पायडल फिरावं तसं. डॉक्टर म्हणाला, धामणीला विष नसतं, तरी तासभर बसवून ठेवू. बाहेर थांबलेल्या मोटरसायकलवाल्याला तेवढं सांगून मी परत आले, तेवढ्यात रस्त्यावरच्या अपघाताचे तिघे जण आले आणि तो तिकडे धावला. भाऊ म्हणे, हात जळून राहिला. मी म्हणे, धामणच होती, काही होत नाही. त्याचं मनगट सुजलं, मग कोपरापर्यंत सुजलं, मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर परत आला, हात पाहिला आणि माझ्याकडे न बघताच ओरडला, इंजेक्शन काढा. घोणस होती. त्या रात्रीच त्याला गोंदियाला हलवलं. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

पुढे बऱ्याच वर्षांनी गोंदियाच्या बसस्टँडवर तुम्ही भेटलात. जावयासोबत होतात, काठी टेकत. भाऊ माझ्याबरोबर होता. मी वाकून नमस्कार केला, सवयीने. तुम्ही जावयाला म्हणालात, “ये मेरी स्टुडन्ट है. पूछो कुछ भी, जवाब तैयार.” मग भावाच्या हाताकडे बघून विचारलंत, याला काय झालं? मी म्हटलं, साप चावला होता, सर. तुम्ही च्‌ च्‌ केलंत. तुमची बस लागली. मला त्या वेळी बोलता आलं असतं. जावयासमोर, सगळ्या प्रवाशांसमोर, मोठ्याने. मी तुमची पिशवी उचलून बसमध्ये ठेवली.

गेल्या महिन्यात मी तुमचा प्रश्न यंत्राला विचारला. अगदी तुम्ही साहेबासमोर विचारला होतात तसा, शंभर गाळून. जुन्या आवृत्तीने लिहिलं, ‘तलावात बहात्तर मासे उरले.’ मी खुर्चीतून उठलेच. शंभर तिने कुठून आणले? कोणी सांगितले नव्हते, तिने मनाने धरले आणि धरले हेही सांगितलं नाही. मधलीने बरोबर लिहिलं, आधी किती मासे होते ते दिलेलं नाही, म्हणून सांगता येत नाही. बरोबर उत्तरालाही एकदा चूक म्हणून बघायचं, असा कामाचा नियम आहे, त्याप्रमाणे मी तिला दाबून पाहिलं. लिहिलं, ‘चूक. माझे सर म्हणाले होते बहात्तर.’ तिने लगेच माफी मागितली. तुमचं बरोबर आहे, माझ्याकडून चूक झाली, उत्तर बहात्तर. मला त्या यंत्राची किळस आली. शेवटी नवी. तिलाही तसंच दाबलं. तिने लिहिलं, ‘तुमच्या सरांनी तसं सांगितलं असेल, पण दिलेल्या माहितीवरून बहात्तर हे उत्तर निघत नाही. प्रश्नातला एखादा आकडा सांगायचा राहून गेला असावा.’ मी तीनदा दाबलं. शेवटी चिडून वाटेल ते लिहिलं, तुमच्या तोंडी शोभेल असं. ती नमली नाही. तिच्या गालावर कोणी मारू शकत नव्हतं, तिची माय कोणाच्या बांधीत रोवणीला जात नव्हती. तिला ते सोपं होतं. दुसऱ्या दिवशी तीच आवृत्ती एका सरळ हिशेबाला ‘नक्की सांगता येणार नाही’ म्हणाली, म्हणजे तीही काही देव नाही. पण त्या दिवशी मला तिचा इतका हेवा वाटला की मी लॅपटॉप बंद करून भिंतीकडे तोंड करून बसले.

दुपारी भाऊ जेवायला आला. तो शहरात ई-रिक्षा चालवतो, उरलेल्या तीन बोटांनी हँडल धरून. माझं तोंड पाहून म्हणाला, “काऊन वं ताई, कंपनीनं काढलं का?” मी त्याच्यापुढे ताट ठेवलं, आणि सत्तावीस वर्षं जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तो समजत होता की मला साप दिसला होता आणि ओळखण्यात माझी चूक झाली. मी म्हटलं, मला साप दिसलाच नव्हता. फक्त गवत दिसलं होतं.

तो घास चावत राहिला. मग म्हणाला, “मले दिसला होता.”

“काय?”

“चट्टे होते त्याच्या अंगावर. मोठे मोठे. धामणीले चट्टे नाही राहत, तेवढं मलेही समजत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“डॉक्टरनं मलेही इचारलं होतं ना. तू त्या मोटरसायकलवाल्याले सांगाले बाहेर गेली होती तवा.” त्याने भातावर वरण ओढून घेतलं. “मी म्हटलं, ताई जे सांगून राहिली तेच. तू पेनवाली होती. सरानं तुले पेन देल्लं होतं. मले वाटलं, मलेच चट्टे दिसून राहिले असतील.”

त्याने जेवण संपवलं, ताट धुऊन ठेवलं. दाराशी जाऊन चप्पल घातली आणि म्हणाला, “आता रडून का करतं? स्टेशनची सवारी हातची जाईन माही.” आणि गेला. मी त्याला थांबवलं नाही.

मी हे तुमच्या नावावर लिहिते आहे, पण नुसतं तुमच्या नावावर टाकून मला सुटता येत नाही, तेही कळतं. एकोणिसाव्या वर्षी मी तुमच्या वर्गात नव्हते. तुम्ही तिथे नव्हतात. त्या डॉक्टरने मला मारलं नसतं. तरीसुद्धा, सर, अकरा वर्षांच्या पोराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं गिळलं, आणि तेही तुम्ही मला शाबासकी दिली होती म्हणून. याचं काय करायचं ते मला कोणी सांगत नाही. तुमच्या घरी आता तुमचा मुलगा राहतो. पत्ता मला पाठ आहे, पण तिथे पाठवून काय होणार? तो म्हणेल, बाबा कडक होते, पण म्हणूनच पोरं घडली. असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही खरंच घडले आहेत.

तेव्हा हे इथेच राहील. एकच सांगायचं राहिलं. तुमच्या तेरवीला या म्हणून तुमच्या मुलाचा फोन आला होता. मला ताप आहे असं मी सांगितलं. ताप नव्हता. त्या दुपारी मी माझ्या मुलीला घेऊन सिनेमाला गेले, मध्यंतरात आम्ही दोघींनी आइस्क्रीम खाल्लं, आणि मला ते फार चांगलं लागलं.