आईने आखलेले डोळे

मंगळवार, संध्याकाळ. पेण.

काल इथे लिहिलं की एका साच्यातल्या सगळ्या गणपतींना एकाच जातीचं टोकन, म्हणजे मूर्तीची डिजिटल खूण, चालेल, नाण्यांसारखं, कुठलंही कुणाच्याही जागी. ते चूक. आणि आमच्या कारखान्यासाठी ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून बदलता न येणाऱ्या डिजिटल वहीत, मूर्तींची नोंद बनवणाऱ्या रोह्याच्या समीरदादाला मी तेच सांगून बसले.

आज दोन मूर्ती शेजारी ठेवून आईला विचारलं, "आई, या सारख्याच ना?"

"सारख्या कशा गो? ह्याचे डोळे आखताना तू मला हसवत होतीस. बघ, हसतोय तो."

"आणि हा?"

"हा तुझ्या बाबांवर गेलाय. जेवण उशिरा मिळाल्यावानी बघतोय."

खूप हसलो. मग तिने डोळे चोळले. नजर आता सुधारायची नाही, डॉक्टर म्हणतात. पुढच्या वर्षी आखणी काकी करेल. म्हणजे हे डोळे यंदाचेच, शेवटचे. ते नाण्यांसारखे कसे मोजू? प्रत्येक मूर्तीला तिचं एकटीचं टोकन हवं, त्यावर आईचं नाव. बाबांचं कारखान्याच्या पाटीवर आहेच.

दादाचं केलेलं काम वाया जाईल. चिडेल का? चिडेलच. फोनवर मी लगेच माघार घेते, म्हणून रोह्याला स्वतः जाणार. शुक्रवारी.