कॉम्युटेटरवरचा काळा डाग

नाना, आताच तुमच्या दुकानातून घरी आले. हातपाय धुतले, देवापुढे निरांजन लावलं आणि हिशेबाच्या वहीचं मागचं कोरं पान काढलं. नवा कागद कशाला वाया घालवायचा. दुकान तुमचा धाकटा चालवतो, दुपारची मी बिलं लिहायला जाते. पनवेलवरून आता विमानं जातात, उलव्याच्या साइटवरच्या मोटरी ढिगाने रिवाइंडिंगला येतात, पण खिडकीजवळची तुमची जागा तशीच आहे, वार्निशच्या वासासकट.

शाळेत होते तेव्हाचा एक दसरा आठवतो. हत्यारांची पूजा म्हणून मी देवाच्या भांड्यांसारखं चिंच-मीठ लावून मोटरीच्या फिरत्या गाभ्यावरचा, आर्मेचरवरचा, तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर लखलखीत केला आणि शाबासकीसाठी तुमच्यापुढे धरला. तुम्ही ओरडला नाहीत, तेच जास्त लागलं. "तांब्यावर ही चॉकलेटी साय धरायला महिने लागतात," एवढंच म्हणालात. "आणि कुठे काळा डाग असेल तर तो आधी वाचायचा, मग पुसायचा." मग मला स्वयंपाकघरात नेता. आई जात्यावर तांदूळ दळतेय. तुम्ही खुंट्यावर माझा हात ठेवता. "बघ, आता ढकलतेस. खुंटा पलीकडे गेला की ढकलणं संपतं, ओढणं सुरू होतं. आर्मेचरमधल्या प्रत्येक कॉइलचं असंच. तिची टोकं कॉम्युटेटरच्या पट्ट्यांना डाख देऊन जोडलेली असतात. त्या पट्ट्या कार्बन ब्रशाखालून सरकतात तेवढ्यात तिच्यातला करंट उलटा फिरायला हवा, तरच मोटर एका दिशेने फिरत राहते." मी विचारते, आणि उशिरा फिरला तर? "तर ठिणगी उडते," तुम्ही म्हणता. "तर पीठ सांडतं," आई म्हणते, "आणि तुझ्या नानांना भाकरी उशिरा मिळते." तुम्ही हसता, पण पुढचं हसून बोलत नाही. "एखादी कॉइल आतून तुटली, तर दर फेरीला तिच्याच पट्ट्या जळतात. घासून डाग जातो. तार जोडली जात नाही."

काल करंजा बंदराहून होड्या किनाऱ्यावर ओढायच्या विंचची जुनी डीसी मोटर आली. तुम्हीच गुंडाळलेली. नाखवा स्वतः टेम्पोत बसून आले, फार थकलेत. "पोरी, तुज्या बापाच्या हातची हाय, आजून गप चालतं. पन हल्ली मदीच दम सोरतं, आनि ब्रेकचा काय भरवसा नाय." उद्याच्या पुनवेच्या भरतीला मोठी होडी वर घ्यायची आहे. होडी वर सरकेल तसे मागून तिच्याखाली ओंडके देत नाखवा आणि त्यांची माणसं उतारावर चालणार. मोटर अर्ध्यात बसली तर होडी त्यांच्याच अंगावर.

आज धाकट्याने मोटर खोलली, तेव्हा शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये मला काळं दिसलं. त्याला म्हटलं. मी चहा घेऊन येईपर्यंत त्याने पॉलिश पेपर मारलाही होता.

"कार्बन होता गं ताई. घासला, गेला. फिरवून बघितली, मस्त चालते."

"रिकामी फिरवलीस. ओढायला वजन कुठे होतं? ती कॉइल तपास ना."

"आता परत खोलू? भरती काय माझ्यासाठी थांबणारे? तू बिलं लिही. नाहीतर नानांची मोटर म्हणून आरती कर तिची."

तो हसला, मीही हसले. तो जेवायला गेला तेव्हा मी मोटरीचे दोन्ही ब्रश काढले, त्यांच्याशिवाय ती फिरणार नाही म्हणून, आणि पदराच्या टोकाला बांधून घरी आणले. बाळकृष्णाच्या मागे ठेवलेत. निरांजन लावताना बोटांचा काळा ठसा कुंकवाच्या करंड्यावर उमटला, पुसला तरी नीट गेला नाही.

इतकं लिहिलं आणि धाकटा दारात आला. "ताई, त्या मोटरचे ब्रश बघितलेस?" देवासमोर उभी राहून मी नाही म्हटलं. "असू दे, दुसऱ्या मोटरचे घासून बसवतो. टेम्पो पहाटे निघतोय." चहासुद्धा न घेता गेला. म्हणजे ब्रश लपवून मी काही थांबवलेलं नाही.

नाखवांना फोन केला तर ते मोटर लावणार नाहीत, आणि तुमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणारही नाहीत. सारं बंदर त्यांच्या शब्दावर आपल्याकडे येतं, ते तुम्हाला मी काय सांगावं. हे पान पाठवायला तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही, वहीतच राहील. पण तुम्हाला एक खरं सांगते. त्या डागाची मला खात्री नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय, काचा बदलायचं मी खर्चापायी पुढे ढकलत आलेय, आणि त्या वेळी खिडकीतून ऊन येत होतं. आता तिथे वाचायला काही उरलेलंही नाही; मी त्या दसऱ्याला केलं होतं तसं तांबं लखलखतंय. तरी नाखवांना फोन लावते. "पोरी, तू तुज्या डोल्यांनी बगितलंस का," असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.