आवाज नसलेला व्हिडिओ

मंगळवार, दिवेलागण

आज लई आनंद झाला. नात पूजा मला नांदेडच्या आमच्या जुन्या कापड गिरणीत घेऊन गेली. तिथं आता मोठा बाजार होणार हाय. त्याआधी तिच्या कॉलेजची पोरं मापं अन् फोटो घेऊन राहिलीत. मी तिथंच कामाला होते, म्हणून माझं बोलणंबी पाहिजे होतं.

आमच्या खात्यात नुसते खांब उरलेत. तिथं उभी राहिले अन् सगळं सांगून टाकलं, सोबतच्या बायांच्या खोड्यांसकट.

पूजा म्हणे, "अगं आजी, नुसतं तोंडच हलवलंस! व्हिडिओत आवाजच न्हाई."

हाव की! यंत्रांच्या खडखडाटात कानावर काही पडायचंच न्हाई. आम्ही बाया ओठांवरच बोलायचो. तिथं उभं राहिल्यावर तोंडाला तेच आठवलं, मी काय करू?

मग बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं. पण ते पाहुण्यांपुढं बोलल्यासारखं झालं. पूजा पहिला व्हिडिओ पुसायला निघाली. मी म्हणलं, राहू दे माय.

आता त्यातले माझे ओठ वाचणार कोण? शेजारच्या यंत्रावरची रुक्मिण असती तर शब्द न शब्द वाचला असता. अन् वर दटावलं असतं, "मी मेल्यावरबी माझ्याच चहाड्या करती का गं?"