देवघरात राहिलेलं वजन

२१ सप्टें., रवि.
सकाळी अभ्याचा टेक्सासहून फोन. धाकटे बंधुराज आता काडतुसं घरी भरतात. नेमबाजीचा नाद, तिकडे कायद्यात बसतं. इथे सिंगापुरात नुसता विषय निघाला तरी शिल्पा उठून खिडकी लावते. काडतुसातली दारू मोजायचा जुना काटा भरवशाचा राहिला नाही म्हणे. "दादा, जाहिराती वाचून डोकं फिरलं. तू रोज काटेच तपासतोस ना? तूच निवड आणि पाठव."
दारू किंचित जास्त पडली तर? "बंदूक हातातच फुटते," हसत म्हणाला. मला काही हसू आलं नाही.

२७ सप्टें., शनि.
तीन काटे जेवणाच्या टेबलावर. वाऱ्याने आकडा हलतो म्हणून पंखा, एसी बंद. क्लेमेंटीतल्या फ्लॅटचा उकाडा, घामाच्या धारा. दारू ग्रेनमध्ये मोजतात; एक ग्रेन म्हणजे तांदळाचे जेमतेम तीन दाणे. तेवढं पकडता आलं पाहिजे. पहिला काटा शून्यावर स्थिरच राहत नाही. दुसऱ्यात रवा चिमूटचिमूट टाकला तर दखलच घेत नाही. तिसरा वीस वेळा तपासला, वीस वेळा तेच उत्तर. हाच. सोबत तपासणीचं पितळी वजन देईन. अभ्याला बजावलं, दर वेळी आधी हे ठेवून बघ, मगच दारू.

२ ऑक्टो., दसरा
सुट्टी नाही. ऑफिसआधी पूजा उरकली. लॅपटॉप, मिक्सर, इराचा पेन्सिलबॉक्स, मधोमध नवा काटा आणि वजन. शि. म्हणाली, "खरं शस्त्राचं काम तोच करणार, त्याची आधी कर." हळद-कुंकू, मूठभर अक्षता. इरा: "पप्पा, सो मच राइस, व्हेरी मेसी लाह."

३ ऑक्टो.
काटा पुसला, गुंडाळला, जुरोंग ईस्टला ऑफिसला जाताना कुरिअर केला. आत चिठ्ठी: 'मी स्वतः तपासलाय. बिनधास्त वापर. दादा.'

९ ऑक्टो.
पोचला. स्वारी खूश. आज-उद्यात पन्नास काडतुसं भरणार, शनिवारी मित्राच्या शेतावर नेमबाजी.

११ ऑक्टो., शनि.
सकाळी शि. देवघर आवरत होती. "हे तुझं ना?" बाळकृष्णाच्या मागे पितळी वजन, कुंकू लागलेलं.
कुरिअरमध्ये गेलंच नव्हतं. म्हणजे त्याने तपासलंच नाही. चिठ्ठी वाचली आणि काडतुसं भरली.
मग अक्षता आठवल्या. नापास केलेला दुसरा काटा घरातच होता. त्याच्या ताटलीखाली तांदळाचा एक दाणा सरकवून पाहिला. ताटली दाण्यावर टेकते, काटा वजन कमी दाखवतो. कमी दिसलं की माणूस आणखी टाकणार. तीनदा केलं, तीनदा तेच.
"पण तू पुसला होतास ना?" शि.
वरून पुसला होता. ताटली उचललीच नाही. अठरा वर्षं हेच काम करतो आणि ताटली उचलली नाही.
अकरा फोन. बंद. तिथे शुक्रवारची संध्याकाळ. शेतावर मुक्कामाला निघाला असणार, सिग्नल नसतो तिथे. एकटा राहतो, दुसऱ्या कुणाला करू? त्या मित्राचं नावही माहीत नाही. मेसेज टाकले: 'एकही वापरू नकोस. ताटली काढून खाली बघ.' एकच खूण.
दाणा असेलच असं नाही. नसेलही. भीती वाटते. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

१२ ऑक्टो., रवि.
सकाळी सात. तिथे शनिवार संपत आला. अभ्याचा आवाजी निरोप आलेला. सिग्नल नसताना बोलून ठेवला असावा, सिग्नल मिळाल्यावर इकडे पोचला. वेळ तिथल्या दुपारची.
"दादा, पहिली पाच झाली. दणका जरा जास्तच वाटतोय रे. पण तू तपासलंयस म्हटल्यावर..." मागे वारा. कुणीतरी त्याला हाक मारतं. संपलं.
माझ्या मेसेजना आता दोन खुणा. निळ्या नाहीत. फोन वाजतो, उचलत नाही.
इराही ऐकत होती. "काका साउंड हॅपी, पप्पा."
हो, खुशीतच होता.
'बिनधास्त' कशाला लिहिलं मी?
पाच झाली. पन्नासातली पाच. उरलेली पंचेचाळीस...