एक चूक बाबांसाठी

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप उर्मिलाताईस,
दशरथचा साष्टांग नमस्कार.

तू पाठवलेला फराळाचा डबा पोचला. यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती, त्यामुळे तुझ्या चकल्या हाच सण. आनंदीने दोन खाल्ल्या, बाकीच्या मी. तिचे गुडघे दुखतात, पण विचारलं की अंगावर खेकसते. म्हणजे तशी बरी आहे तुझी भावजय.

तुझ्या बंटीने तुला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तू विचारतेस, फुकट वाचायला कुठे काय मिळतं ते लिहून पाठव. ताई, मला हसू आलं. शाळेत धडे माझ्याकडून वाचून घ्यायचीस आणि नुसती मान डोलवायचीस. आता नातवंडं झाल्यावर वाचनाची ओढ लागली? असो. फोनवर सांगितलं तर निम्मं तुमच्या रेंजमध्ये जाईल आणि निम्मं तू विसरशील, म्हणून कागदावर लिहितोय. भिंतीला चिकटवून ठेव.

गुगलवर 'मराठी विकिस्रोत' असं लिही. जुनी पुस्तकं आहेत, सगळी फुकट. अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोलचं बटण दाबून धर आणि अधिकचं चिन्ह दाब, अक्षर मोठं होतं. शब्द अडला तर 'बृहद्कोश' उघड, तिथे एका ठिकाणी कितीतरी शब्दकोश सापडतात. 'इंटरनेट अर्काइव्ह'वर जुन्या पुस्तकांचे फोटो आहेत, कागदाचे डागसुद्धा दिसतात. आणि कुठलीही साइट पुस्तकाच्या बदल्यात ओटीपी मागायला लागली तर बंद कर. फुकटात पुस्तक देणारा तुझ्या बँकेची चौकशी करत नाही.

हे सगळं मला कुणी शिकवलं, ते तुला माहीत आहे.

तुझ्या अख्ख्या पत्रात संचिताचं नाव नाही. माझ्याही इथवरच्या पत्रात नव्हतं. आपण एकाच आईची मुलं, दुखण्यावर पांघरूण घालण्यात पटाईत.

तुझा डावही कळला बरं का. मार्चमध्ये पोरगी गेली तेव्हापासून मी कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवलीय, हे आनंदीने तुला सांगितलं असणार. तुला वाचायचं नव्हतं, मला तिथे बसवायचं होतं. बसलो. आधी सुरूच होईना, म्हणून नया नगरातल्या दुकानात नेला. त्या माणसाने उघडून फुंकर मारली आणि म्हणाला, "चाचा, कुछ नहीं हुआ है. धूल बैठी है बस. चलाते रहो." पैसेही घेतले नाहीत. माझा चेहरा बघून की काय, कोण जाणे.

विकिस्रोतवर आम्ही बापलेक काय करायचो, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. जुन्या पुस्तकाचा फोटो एका बाजूला असतो आणि मशीनने ओळखलेली अक्षरं दुसऱ्या बाजूला. मशीन हजार चुका करतं. एकाने त्या दुरुस्त केल्या की ते पान पिवळं होतं. मग दुसऱ्याने ताडून पाहिलं की हिरवं. स्वतःचं पान स्वतःला हिरवं करता येत नाही, दुसरं माणूस लागतंच. पिवळं ती करायची, हिरवं मी.

पण कारटी खोडकर. प्रत्येक पानात एक चूक मुद्दाम ठेवायची, मी खरंच वाचतो की नुसतं बटण दाबतो ते बघायला. शंभरेक वर्षांपूर्वीचं स्वयंपाकाचं पुस्तक करत होतो. एकदा श्रीखंडात तिने चक्क लसूण घातली. मी डुलकी काढली आणि पान हिरवं करून मोकळा झालो. आतून ओरडली, "बाबा, झोपलात ना? आता खा लसणीचं श्रीखंड!" आनंदी धावत आली, तिला वाटलं भांडण झालं.

हॉस्पिटलातही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती पानं करायची. बोटं सुजली होती. मी म्हटलं, राहू दे गं. तर म्हणाली, "एकच पान उरलंय बाबा. करते. मग तुमची पाळी." तिने ते केलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, घरी गेल्यावर बघू. घरी मी एकटाच आलो.

परवा तुझ्यासाठी साइटचं नाव नीट बघायला म्हणून ते पुस्तक उघडलं. सगळी पानं हिरवी, शेवटचं तेवढं पिवळं. मुरांब्याची कृती आहे. मी चूक शोधायला बसलो. फोटोशी एकेक ओळ ताडली. साखर बरोबर, कैऱ्या बरोबर, वेलची बरोबर. उलटीकडून वाचलं. आनंदीला बसवून मोठ्याने वाचायला लावलं. ताई, त्यात चूकच नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच. खोडी काढण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं? की तिला कळलं होतं, आणि बाबांना मागे शोधत बसायला लागू नये म्हणून तिने पान स्वच्छ ठेवलं? दोन्हीतलं कुठलंही खरं मानलं तरी मला ते सोसत नाही.

हिरवं करण्याचं बटण समोर आहे. दाबलं की पुस्तक पुरं होईल, लोक वाचतील, तिलाही तेच हवं होतं. माझा हात पुढे जात नाही.

म्हणून तुला आता खरोखरच वाचायचंय. बंटीला खातं उघडून द्यायला सांग. ते शेवटचं पान तू वाच, सावकाश, बोट ठेवून. मुरांबा तू जन्मभर केलास, माझ्या नजरेतून सुटलेलं तुला दिसेल. चूक सापडली तर तिला हात लावू नकोस, आधी मला फोन कर. कितीही वाजलेले असोत.

आणि नाहीच सापडली, तर पान तूच हिरवं कर. मला सांगू नकोस. मी रोज उघडून बघतो, मला दिसेल.

तुझा धाकटा भाऊ, आणि अजूनही संचिताचा बाबा,
दशरथ