धोक्याच्या बाजूचा कोपरा

अप्पा,

मला भीती वाटते आहे आणि घरात ती कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. त्यानंतर तुम्हाला जावई मिळाला, तोही जहाजावरचाच, पण तुमच्यासारखा वर ब्रिजवर उभं राहून जहाज हाकणारा नाही. तो खाली इंजिनरूममध्ये असतो, आता चीफ इंजिनिअर आहे. आम्ही सिंगापूरला राहतो, सेंगकांगला. खिडकीखालून एलआरटी ट्रेनचे दोन छोटे डबे जातात, आणि लेक लहान असताना त्यांना हात करायची. आता ती चौदा वर्षांची आहे, मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, तुम्हाला तिचं अर्धंच कळलं असतं. तुम्ही तिला नक्की काय म्हणाला असता, हे मी कधीकधी तुमच्या आवाजात मनात म्हणून बघते, आणि मग शंका येते की तो आवाज तुमचा राहिला आहे की माझाच झाला आहे.

काल दुपारी त्याचं जहाज शेतात गेलं. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं, म्हणून सांगते. आता प्रत्येक जहाज आपली जागा आपोआप कळवत राहतं, आणि माझ्यासारख्या बायका फोनवरच्या नकाशात हिरवा बाण बघत बसतात. तो सध्या बाल्टिक समुद्रात आहे, फिनलंडच्या आखातात, तेलाच्या टँकरवर. तिथे हल्ली कोणीतरी जीपीएस बिघडवतं आणि जहाजांना आपण भलतीकडेच आहोत असं वाटायला लागतं. हे मला माहीत होतं. तरी तो बाण किनारा ओलांडून गावांच्या मधे, हिरव्या चौकोनी तुकड्यात जाऊन थांबला तेव्हा मी नकाशा दोन बोटांनी मोठा करकरून बघितला. लेक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. “आई, बघ, बाबाने फार्म घेतलं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, इथल्या बोलीतला ‘लाह’ लावत, “जॅमिंग आहे लाह. एव्हरीबडी नोज.” थोड्या वेळाने बाण दिसेनासाच झाला. मी कंपनीच्या इथल्या ऑफिसात फोन केला. तिथला माणूस सवयीने हसला. “मॅडम, दॅट साइड ऑलवेज लाइक दॅट. शिप इज फाइन.” त्याला कसं माहीत, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो गप्प बसला असता तर काय, एवढंच मनात होतं.

त्यात एक गोष्ट या आठवड्यापासून माझ्यावर येऊन पडली आहे. त्याचा करार पुढच्या बंदरात संपतो. त्याच्या जागी येणाऱ्या रिलीव्हरने ऐनवेळी नाही म्हटलं, बहुतेक त्याच्याही घरी कोणी नकाशा बघत असेल. कंपनी याला म्हणते, अजून दोन फेऱ्या कर, त्याच आखातातल्या. त्याने मला विचारलं, “तू सांग. मला काय, खाली सगळे समुद्र सारखेच.” हे तो गमतीने म्हणाला, पण खरंच आहे ते. त्याच्या कामाच्या जागेला खिडकी नाही. आपण कुठे आहोत हे त्याला वर फोन करून विचारावं लागतं, आणि सध्या वरच्यांनाही नीट माहीत नसतं. आज दुपारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. मी सकाळपासून एकच गोष्ट स्वतःला विचारते आहे, की हे माझं ज्ञान बोलतं आहे की माझी भीती.

योगायोग असा, की हाच प्रश्न मी महिनाभर पगार घेऊन सोडवते आहे. मी इथे प्रदर्शनांसाठी मजकूर लिहिते. आत्ताचं काम उत्तर युरोपच्या जुन्या नकाशांचं आहे, स्वीडनचं. तुम्हाला आवडलं असतं. त्यांचा एक धर्मगुरू, देशाने जुना कॅथलिक पंथ सोडला म्हणून परागंदा झालेला, इटलीत बसून आपल्या उत्तरेचा मोठा नकाशा काढतो, रोमला दाखवायला की बघा, तुम्ही केवढा मुलूख गमावलात. समुद्रात राक्षसी मासे काढतो आणि मधेच बर्फावरची माणसं, त्यांचे रेनडिअर, त्यांची कामं इतकी खरी काढतो की बघत राहावं. पुढे सतराव्या शतकाच्या तोंडावर त्यांचा राजा दोन जाणकारांना उपकरणं देऊन थेट उत्तरेला पाठवतो: ध्रुवताऱ्याची उंची मोजा, कुठलं ठिकाण किती उत्तरेला आहे ते लिहून आणा. तिथले रेनडिअर पाळणारे सामी लोक तेव्हा तीन-तीन राज्यांना कर देत होते आणि सीमा कोणालाच धड माहीत नव्हती. नंतर हा राजा स्वतःच्या बिरुदांत उत्तरेकडच्या त्या लोकांचं नाव जोडतो, डेन्मार्कच्या राजाला ते खपत नाही, आणि इतर भांडणांत हेही मिसळून युद्ध होतं. तहाला बसणाऱ्या वकिलांच्या हातात मग अक्षांश असतात. ज्याच्याकडे आकडा, त्याच्या बोलण्याला वजन. मोजणीदारांचे नकाशे कुलुपात राहायला लागतात, आणि विद्यापीठांतली मंडळी त्याच मोजणीवर देशाचा इतिहास आणि मोठेपणा रचायला बसतात.

मी फलकावर लिहिलं होतं की माहिती मिळाली म्हणून राजाने हक्क सांगितला, की हक्क सांगायचाच होता म्हणून माहिती आणवली, हे बहुधा वेगळं करता येत नाही. माझी वरिष्ठ इथलीच चिनी बाई आहे, बिशानला राहते, तिचं बोलणं सुरीसारखं असतं. “तू असं लिहितेस जणू कोणी तुझ्यावर केस करणार आहे,” ती म्हणाली. “इतके ‘बहुधा’ कशाला? राजाला उत्तरेचा समुद्र पाहिजे होता. माणसं पाठवली. संपलं, फिनिश लाह.” मी म्हटलं, त्यांना उत्तर-दक्षिण मोजता येत होती, पूर्व-पश्चिम भरवशाने मोजायचं साधन तेव्हा कोणाकडेच नव्हतं, तरी नकाशातली रेघ दोन्हीकडे सारख्याच ठामपणे काढलेली आहे. ती म्हणाली, “सो? रेघ हलत हलत काढायची का?” मला हसू आलं. पण तेव्हापासून ती ठाम रेघ माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांनी ती काढली त्यांना आपण अर्धं अंदाजाने काढतो आहोत हे माहीत होतं. ज्यांनी पुढे ती तहाच्या टेबलावर पसरली त्यांनी ते विचारलं नसेल. आणि त्या दोन माणसांना, बर्फात उपकरणं वाहून नेताना, राजाला नको असलेला आकडा निघाला तर काय, अशी भीती वाटली असेल का, हे कुठल्याच कागदात नाही.

मुलुंडचं आपलं जेवणाचं टेबल आठवतं. तुम्ही सुट्टीवर आहात. जहाजावरून आणलेला एक रद्द झालेला चार्ट, समुद्राचा नकाशा, पसरला आहे. असल्याच चार्टांची कव्हरं माझ्या शाळेच्या पुस्तकांना असायची, वर्गात सगळ्या हसायच्या. तुम्ही मला दीपगृह, कारखान्याची चिमणी आणि टेकडी अशा तीन खुणांची बेअरिंगं, म्हणजे त्या जहाजावरून कुठल्या दिशेला दिसतात ते आकडे, देता, मी पॅरलल रूलर चालवत तीन रेघा ओढते. त्या एका बिंदूत मिळत नाहीत. कधीच मिळत नाहीत, असं तुम्ही म्हणता; मधे एक लहानसा त्रिकोण उरतो आणि जहाज त्यात कुठेतरी असतं. मी अगदी मधोमध टिंब देते.

“हे कोणी सांगितलं?”

“मध्य काढला.”

“मध्यात जहाज नसतं, बाळ. मध्यात तुझी सोय असते. खडक कुठल्या बाजूला आहे?”

मी बोट ठेवते.

“मग जहाज ह्या कोपऱ्यात धरायचं. खडकाच्या सगळ्यात जवळच्या. तिथे नसलो तर बिघडलं काही नाही. आणि असलो तर?”

पलीकडे आई गवार निवडते आहे. “पोरीला आधी जेवू द्या,” ती म्हणते, “मग बुडवा जहाज.”

तुम्ही हसला नाहीत. माझं टिंब खोडरबराने पुसलंत, कागद झटकलात आणि पेन्सिल परत माझ्या हातात दिलीत. तेवढंच. रागावला नव्हतात, पण मला ते बोलणी बसल्यासारखंच लागलं, आणि मी ते आयुष्यभर पाळलं. तुम्ही ते जहाजासाठी सांगितलं होतं, मी घराला लावलं. लेकीला ताप आला की मी हॉस्पिटलची पिशवी भरते. इथे राहायचा पास रिन्यू व्हायला उशीर झाला की मनातल्या मनात सामान बांधते. फोन उचलला गेला नाही की मी खडकाजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभी. दर्यावर्दी बापाच्या मुलीनेच करावी अशी ही चूक असेल: सावधगिरी म्हणून धरलेली जागा हीच आपली खरी जागा, असं मी मानत गेले. तुम्ही पुढे असंही म्हणाला होतात का, की हे पुढचं बेअरिंग मिळेपर्यंतच? मला असं आठवतं आहे. पण हे आठवणं आज सकाळपासूनचं आहे, त्याआधी कधी आठवलं नव्हतं, त्यामुळे मला त्याची खात्री देता येत नाही. मला हवं होतं म्हणून मी ते तुमच्या तोंडी घातलं असेल.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं की समुद्रात भीती वाटते का. तुम्ही चहा ओतत होतात. “वेळ नसतो,” म्हणालात. आईने तेव्हा मान वर केली नाही. आता कळतं की वेळ तिच्याकडे होता.

हे पत्र अर्धवट ठेवून जेवायला बसलो होतो तेव्हा त्याचा फोन आला. तिकडे सकाळ. आवाज तुटत होता, मागे इंजिनाची घरघर. मी आधी शेताचं विचारलं.

“अगं, शेत कसलं? मी खाली आहे, मला डिझेलशिवाय काही दिसत नाही.”

“वर विचारलंस का?”

“विचारलं. ब्रिजवरचा सेकंड मेट म्हणतो, जीपीएस बंदच धरलंय, रडार आणि डोळे. मजेत आहे तो, म्हणतो आजोबांसारखं चालवतोय.” मग सहज सांगावं तसं, “रात्री शेजारून एक टँकर गेला म्हणे, स्क्रीनवर नव्हताच. काही लोक मुद्दाम खोटी जागा दाखवतात ना इकडे.”

“किती जवळून?”

“ते जाऊ दे. कॅप्टन थांबलाय, मेल करायचाय. काय कळवू?”

मी उत्तर तयार ठेवलं होतं. दोन्ही बाजू मांडणार होते, पगार, लेकीची पुढची वर्षं, कंपनीशी संबंध, आणि शेवटी तूच ठरव म्हणणार होते, म्हणजे जबाबदारी नीट वाटली गेली असती. पण तो न दिसणारा टँकर माझ्या डोळ्यांसमोर आला, दिवे लावून, अगदी शांतपणे जाणारा, आणि खाली हा, खिडकी नसलेल्या खोलीत.

“उतर,” मी म्हटलं.

“काय?”

“पुढच्या पोर्टला उतर. घरी ये.”

इतक्या वर्षांत मी त्याला असं कधी सांगितलेलं नाही, आणि ते त्याच्याही लक्षात आलं असणार.

“का गं? काही झालंय का?”

“हिची परीक्षा आहे. गणित कच्चं आहे. तू असलास तर बरं.”

लेकीने ताटातून मान वर केली. फोन ठेवेपर्यंत थांबायचं, एवढं तिला कळतं. त्याने “बरं, कळवतो” म्हटलं आणि लाइन गेली.

“माझं मॅथ ओके आहे, आई,” ती म्हणाली. “व्हाय यू एनीहाऊ से, काहीतरीच?”

“जेव.”

“सो बाबा इज कमिंग?”

“हो. पण आधी त्या आखातातून बाहेर तर पडू दे.” हे मला बोलायचं नव्हतं.

भात चिवडत ती म्हणाली, “तू तो ट्रॅकर बघणं बंद कर ना आता. यू मेक योरसेल्फ सिक.” मी बरं म्हटलं. ती पाणी आणायला उठली तेव्हा तिचा फोन टेबलावर उताणा राहिला होता, आणि त्यावर तेच निळं आखात उघडं होतं. बाण नव्हता. ती परत आली, फोन पालथा केला, आणि मी काही पाहिलं नाही असं दोघींनी धरलं.

तासाभरापूर्वी त्याचा निरोप आला, कंपनीने मान्य केलं, दुसरा माणूस शोधताहेत. त्या दुसऱ्या माणसाच्या घरी कोण असेल, हा विचार मी केला आणि सोडून दिला. त्याबद्दल मला बरं वाटत नाही, पण उत्तर बदलावंसंही वाटत नाही. जहाज अजून तिथेच आहे. बंदर यायला वेळ आहे.

त्याने काही झालंय का असं विचारलं, तेव्हा खरं उत्तर मला येत होतं. तुम्हाला ते पहिल्याच ओळीत लिहू शकले, त्याला नाही. हे पत्र त्याला वाचायला द्यावं असं मधे वाटून गेलं. देणार नाही. तो आला, बॅगा दारात टाकल्या आणि विचारलंच त्याने, तर मी म्हणेन की कामात होते रे, मी कुठे तेवढं बघत होते.