सांभाळणारीची सही

प्रिय रबिआ लल्ला,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून थोरल्या बहिणीला हे पत्र. आपल्या शेजारच्या फातनाचा जावई उद्या टोमॅटोचा ट्रक घेऊन तुमच्या स्पेनलाच निघालाय, त्याच्या हातून पाठवतेय. गुरुवारी तुमची बस आली. मी सकाळपासून चौकात उभी होते. सगळ्या उतरल्या, उन्हाने रापलेल्या, हातात ब्लँकेटं नि पिशव्या. फातना सगळ्यात शेवटी उतरली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, रबिआने सामान भरलंच नाही. तुझा व्हिसा तीस जूनपर्यंत आहे आणि आज सव्वीस. तारखा मला पाठ असतात, तुला माहितीये.

घरी तसं ठीक आहे. बा गुडघ्याला तेल चोळतो आणि शेळीशी गप्पा मारतो. यम्मा अजून तुझ्या वाटणीची भाकरी भाजते आणि उरली की माझ्यावर चिडते. मी स्पेनला कामाला जाणाऱ्या बायकांच्या फायली भरते. फॉर्म बघितला की माझे हात अजून शिवशिवतात. हसनाने भरलेली फाईल परत येत नाही, असं बाजारात बोलतात. खरंच येत नाही.

तुझी पहिली फाईल आठवते? मुलाखतीला हात बघतात, शेतात राबलेले आहेत की नाही, म्हणून तू आठ दिवस भांडी राखेने घासलीस आणि मी हसून लोळत होते. चौदा वर्षांखालचं मूल असल्याशिवाय बाईला स्ट्रॉबेरीच्या कामाला घेत नाहीत, कारण पोराच्या ओढीने ती परत येते. फातना तुला म्हणाली होती, नवरा पळाला तरी चालतो गं, पोर तेवढं जागेवर पाहिजे. तुझा अनस तेव्हा चार वर्षांचा, माझ्या मांडीवर बसून फॉर्मवर रेघा मारायला बघत होता. 'मुलाला सांभाळणारी' असं लिहिलं होतं, त्याच्यापुढे मी झोकात सही ठोकली. शाळा सुटल्यावरची माझी पहिली सही ती.

गेल्या जूनमध्ये त्याला ताप आला तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं असेल. त्याला पुदिन्याचं पाणी पाजलं, यम्माजवळ झोपवलं आणि मी सिदी स्लिमानला, तिथल्या ऑफिसात गेले. एका बाईच्या फाईलचा शेवटचा दिवस होता. चार वाजता परत आले तर अंगणात शेजारणी जमलेल्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस.

बा म्हणाला, आता सांगितलं तर ती काम टाकून येईल, पुढच्या वर्षी नाव कापतील, पोर काही परत येणार नाही. मी ऐकलं. तू रोज फोन करायचीस आणि मी सांगायचे, आत्ताच खेळायला गेला, आत्ताच झोपला. एकोणीस दिवस. एकदा तू म्हणालीस, मेला आईला विसरला वाटतं, आणि मी हसले, लल्ला. खरंच हसले. मग तू बसमधून उतरलीस ती सायकलची घंटी घेऊन. यंदा घंटी, पुढच्या वर्षी सायकल, असं तू त्याला कबूल केलं होतंस. अंगणातल्या सगळ्यांकडे बघितलंस आणि ती घंटी पिशवीत परत ठेवलीस.

यंदा यादीत पुन्हा तुझं नाव आलं. अनस गेल्याचं ऑफिसात कुणी नोंदवलंच नव्हतं. बा रोज उद्या जातो म्हणायचा. कागदावर तो अजून होता, पाच वर्षांचा. तू जुनी फाईल माझ्यासमोर टाकलीस. मी सगळं भरलं आणि सांभाळणारीच्या जागेवर पेन अडकलं. तू तिथे बोट ठेवलंस. मी सही केली.

मुलाखतीत फाईल धरून मी तुझ्या मागेच उभी होते. टेबलामागच्या माणसाने विचारलं, मूल कुणाजवळ राहणार. तू म्हणालीस, "माझी बहीण आहे, हसना. ती नीट सांभाळते."

आठ महिन्यांत तू पहिल्यांदा माझं नाव घेतलंस. ते त्या माणसासाठी होतं की मला ऐकवायला, हे मी मार्चपासून स्वतःला विचारतेय. त्याच्यासाठीच असेल तर तसं सांग, पण इथे येऊन सांग. ज्याच्या ओढीने परत यायचं तो राहिला नाही, आणि त्याच्या जागी मी पुरणार नाही, हे मला कळतं.

लल्ला, तीस तारखेला शेवटची बस आहे. काल मी एकटी ऑफिसात गेले आणि अनस गेल्याच्या नोंदीचा कागद आणला. हा दिला की तुला परत कधी व्हिसा मिळायचा नाही, म्हणून आधी तुला सांगतेय. बाकी सगळं मी भरलंय, एकही खाडाखोड नाही. सांभाळणारीची सही इथे लागत नाही, मी दोनदा बघितलं. आईची लागते. ती जागा मी मोकळी ठेवलीय.

तुझीच,
हसना